रिकव्हरीतच कोसळणारा डेटाबेस : एका प्रश्नाचा आढावा

संगणकाच्या कारभारात नित्य उद्भवणाऱ्या बिघाडांपैकी बहुतेकांवर एकच सर्वपरिचित इलाज चालतो, तो म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे. आणि ह्या इलाजाची कितीही थट्टा झाली तरी त्याला भक्कम शास्त्राधार आहे. टँडेम कंपनीत असताना जिम ग्रे ह्यांनी १९८५ साली संगणक का बंद पडतात ह्या प्रश्नावर जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यात त्यांनी दोषांची दोन कुळे मानली होती. त्याच परिस्थितीत हटकून त्याच जागी प्रकट होणारा दोष तो 'बोरबग', आणि क्षणिक योगायोगाने उपजून शोधू गेले असता नाहीसा होणारा तो 'हायझेनबग'. चाचण्यांतून पार पडून प्रत्यक्ष वापरात आलेल्या प्रणालींत उरतात ते दोष बहुधा दुसऱ्या कुळातले असतात, असे ग्रे ह्यांचे प्रतिपादन होते, आणि पुनरारंभ गुणकारी ठरतो तो ह्याचमुळे. परंतु डेटाबेस सर्व्हर जेव्हा सुरू होता होताच, म्हणजे मागच्या अपघातानंतरची आपली रिकव्हरी करीत असतानाच कोसळतो, तेव्हा हा इलाज निष्फळ होतो. कारण प्रत्येक पुनरारंभाला त्याच फाइली, तोच लॉग आणि तोच प्रोग्राम पुन्हा एकत्र येतात व त्याच पायरीवर तोच अपघात पुन्हा घडतो. अशा वेळी सर्व्हर उठविण्याची घाई बाजूला ठेवून, त्याच्यापाशी असलेल्या दोन दप्तरांपैकी, म्हणजे डेटाची पाने आणि लॉग ह्यांपैकी, कोणते विश्वासार्ह राहिले आहे हे आधी ठरवावे लागते. आणि आजवर निघालेल्या सर्व उपायांचे मोल ह्याच कसोटीवर लावले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जुन्या पेढीवर व्यवहार झाला की तो प्रथम रोजकीर्दीत चढे आणि खतावणी सवडीने होई. मध्येच दिवाणजी आजारी पडला तरी कीर्द शाबूत असेपर्यंत खतावणी पुन्हा लिहून काढता येई. डेटाबेसचा शिरस्ताही नेमका हाच आहे : बदलाची नोंद आधी लॉगमध्ये पक्की होऊन डिस्कवर उतरायची, आणि डेटाचे प्रत्यक्ष पान मागाहून, सोयीने लिहिले जायचे. ही शिस्त आज स्वयंसिद्ध वाटते, पण ती अनुभवाने प्रस्थापित झाली. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात घडलेल्या 'सिस्टिम आर' मध्ये लॉगच्या जोडीला पानांच्या छायाप्रती ठेवण्याची पद्धत होती, आणि नुसत्या लॉगवर भिस्त ठेवण्याची सोय आपण केली असती तर बरे झाले असते, अशी कबुली तिच्या कर्त्यांनीच १९८१ साली दिली. ग्रे ह्यांची १९७८ सालची टिपणे, हेर्डर व रॉयटर ह्यांनी १९८३ मध्ये केलेली तत्त्वांची मांडणी, आणि १९९२ च्या मार्चमध्ये सी. मोहन व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली 'एरीज' ही पद्धत, हे ह्या वाटेवरचे मुख्य टप्पे होत. 'एरीज' ने रिकव्हरीचे तीन फेरे ठरवून दिले. पहिल्यात अपघाताच्या क्षणी कोणते व्यवहार अपुरे होते व कोणती पाने उतरायची राहिली होती ह्याची चौकशी. दुसऱ्यात घडलेला सगळा इतिहास, अपुऱ्या व्यवहारांसकट, जसाच्या तसा पुन्हा घडविणे, म्हणजे 'रीडू'. आणि तिसऱ्यात अपुरे व्यवहार उलटविणे, म्हणजे 'अनडू'. प्रत्येक पानावर त्याला शेवटचा स्पर्श करणाऱ्या नोंदीचा अनुक्रमांक असतो, सबब कोणती नोंद आधीच चढली आहे हे पानाकडे पाहून कळते; आणि उलटविण्याच्या कृतीचीही स्वतंत्र नोंद होते, म्हणून रिकव्हरी चालू असताना दिवे गेले, आले आणि पुन्हा गेले, तरी केलेले काम दुप्पट होत नाही.

रिकव्हरीत व्यत्यय येणार हे ह्या शास्त्राने अशा रीतीने गृहीतच धरलेले आहे, आणि म्हणून तपासाचा पहिला प्रश्न असा की सर्व्हर आपण होऊन मेला की त्याला कोणी मारले. मारला गेला असेल तर बहुधा काहीच बिघडलेले नसते. परंतु हा भेद सर्व्हरच्या स्वतःच्या एरर लॉगमध्ये सापडेलच असे नाही, कारण ज्याला मारले जाते त्याला शेवटची जबानी लिहिण्याची उसंत मिळत नाही. रिकव्हरीची प्रगती सांगता सांगता लॉग एकाएकी तुटला असेल आणि कोसळण्याची कोणतीही कैफियत त्यात नसेल, तर पुरावा ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोंदींत शोधावा. लिनक्सवर मेमरी संपू लागली की कर्नल सर्वांत जास्त मेमरी अडविणारी प्रक्रिया निवडून ९ क्रमांकाच्या सिग्नलने तिचा निकाल लावतो, आणि ती बहुधा डेटाबेसचीच असते. त्याहून विपरीत प्रकार लिनक्सवरील सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडी ह्या व्यवस्थेचा. सेवा सुरू होण्यास तिने दिलेली मुदत सामान्यतः ९० सेकंदांची. लॉग मोठा असून रीडूला त्याहून अधिक वेळ लागला की ती सर्व्हरला निकामी ठरवून मारते, सांगून ठेवले असेल तर पुन्हा सुरू करते, आणि पुढच्या ९० सेकंदांनी पुन्हा मारते. पोस्टग्रेस ह्या डेटाबेसच्या हस्तपुस्तिकेतील नमुन्याच्या सर्व्हिस फाइलीत ही मुदत अमर्याद ठेवलेली आहे ती उगाच नव्हे. कुबरनेटिसमध्ये प्रकृती तपासणाऱ्या प्रोबची मुदत अपुरी असली तर हेच घडते. आणि कित्येकदा मारणारा हात माणसाचाच असतो : मायएसक्यूएल ५.५ च्या आधीच्या काळात इनोडीबी ह्या त्याच्या स्टोरेज इंजिनची रिकव्हरी काही ठिकाणी तासन्‌तास चाले, आणि सर्व्हर अडकला असे समजून तो मारणाऱ्या माणसाला ती प्रत्येक वेळी आरंभापासून भोगावी लागे. डिस्क भरणे हा आणखी एक क्षुल्लक पण हमखास प्रकार. रिकव्हरीलाही लिहिण्यासाठी जागा लागते, आणि शेवटचा चेकपॉइंट, म्हणजे येथवरची पाने डिस्कवर उतरल्याची खूण, लिहिण्यापुरती जागा नसेल तर सर्व्हर तेथेच प्राण सोडतो. ह्यांवरचे उपाय कोणासही सुचतील असे आहेत; त्यांचा विस्तार नको.

सर्व्हर आपण होऊन मेला असेल तर गोष्ट वेगळी. लॉगच्या शेवटी ६ क्रमांकाचा सिग्नल दिसला तर बहुधा त्याने आत्मघात केला आहे, म्हणजे प्रोग्रामात जागोजागी पेरलेल्या कसोट्यांपैकी एखादी खोटी ठरल्याचे पाहून पुढे जाण्याचे नाकारले आहे. ११ क्रमांक दिसला तर त्याला विसंगती कळलीच नाही आणि तो तिच्यावर ठेचकाळला आहे. पहिला प्रकार पुष्कळांना उद्धटपणाचा वाटतो. मला तो प्रामाणिकपणाचा वाटतो. खोट्या पानावर खरी नोंद चढवून हिशेब बेमालूम बिघडविण्यापेक्षा काम थांबविणे केव्हाही श्रेयस्कर. दोष मग चार जागी असू शकतो : पान बिघडले असेल, लॉग बिघडला असेल, दोन्ही आपापल्या जागी निर्दोष असूनही निरनिराळ्या काळांतील असल्यामुळे त्यांचा मेळ बसत नसेल, किंवा प्रोग्राममध्येच चूक असेल. ह्यांपैकी तिसरा प्रकार जवळजवळ नेहमीच मनुष्यनिर्मित असतो आणि त्याची संख्या वाटते त्याहून पुष्कळ अधिक असावी. चौथ्याविषयी एवढेच सांगितले पाहिजे की कोसळलेल्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवून दोष जाईल ही आशा धरताना सावध राहावे. त्याच शाखेतील दुरुस्तीची आवृत्ती उपयोगी पडते, परंतु मोठ्या आवृत्तीची उडी घेऊ गेल्यास इनोडीबी अपघातानंतर असे स्थलांतर चालत नसल्याचे स्पष्ट सांगून नकार देते.

काहीही करण्याआधी संपूर्ण डेटा डिरेक्टरीची, लॉगसकट आणि सर्व्हर बंद असताना, प्रत काढून ती वेगळ्या डिस्कवर ठेवावी, हा नियम सगळेच सांगतात आणि फार थोडे पाळतात. कारण उघड आहे : डेटाबेस पाचशे गिगाबाइटचा असतो, जागा नसते, आणि वरिष्ठ पाठीशी उभे राहून वेळ विचारीत असतात. परंतु पुढे जे जे उपाय सांगितले आहेत ते सर्व पुराव्याचा काही ना काही भाग नष्ट करून चालतात, आणि मूळ प्रत नसेल तर पहिला चुकीचा उपाय हाच शेवटचा ठरण्याची भीती असते.

उपायांची सर्वांत रेखीव उतरंड मायएसक्यूएलच्या इनोडीबीत आहे. फिनलंडचे हायकी टुरी ह्यांनी निर्माण केलेले हे स्टोरेज इंजिन २००५ साली ओरॅकलने विकत घेतले आणि आवृत्ती ५.५ पासून ते मायएसक्यूएलचे आपोआप निवडले जाणारे इंजिन झाले. त्यात 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' नावाचे एक पॅरामीटर आहे, ज्याची किंमत १ पासून ६ पर्यंत चढविता येते व प्रत्येक वरची पायरी खालच्या सर्व सवलती आपल्यात घेते. पहिल्या पायरीवर सर्व्हर बिघडलेल्या पानांकडे काणाडोळा करतो; दुसरीवर पार्श्वभूमीत चालणारी सफाई थांबते; तिसरीवर अपुरे व्यवहार उलटविले जात नाहीत; चौथीवर दुय्यम इंडेक्सांचे साठवून ठेवलेले बदल त्यांत मिसळले जात नाहीत; पाचवीवर अनडूच्या नोंदी पाहिल्याच जात नाहीत, म्हणजे अपुरे व्यवहारही पुरे झाले असे मानले जाते; आणि सहावीवर रीडूच होत नाही, म्हणजे कीर्द मिटून ठेवून अर्धवट खतावणीच खरी धरली जाते. हस्तपुस्तिका तिसरीपर्यंतच्या पायऱ्या बऱ्याच अंशी सुरक्षित मानते, आणि चौथीपासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो असे बजावून, वेगळ्या प्रतीवर यशस्वी चाचणी केल्यावाचून त्या वापरू नयेत असे सांगते. नंतरच्या आवृत्त्यांत तर चौथीपासून पुढे इंजिन केवळ वाचण्यापुरते उघडते, आणि ही तजवीज योग्यच झाली.

घाबरलेला माणूस एकदम सहा हा आकडा घालतो, सर्व्हर उठतो, आणि सगळ्यांना हायसे वाटते. प्रत्यक्षात ज्याचा रोग दुसऱ्या पायरीवर बरा झाला असता त्याने निर्दोष लॉग टाकून दिलेला असतो. पायऱ्या एकेक चढाव्यात हे खरेच, पण कोणत्या पायरीवर थांबावे लागेल ह्याचा अंदाज एरर लॉग आधीच देतो. लॉगच्या नोंदी गठ्ठ्यागठ्ठ्याने चढविल्या जात असता, टक्केवारी पुढे सरकता सरकता, सर्व्हर कोसळला तर दोष रीडूत, म्हणजे एखाद्या पानात किंवा लॉगमध्येच आहे, आणि खालच्या पायऱ्यांकडून फार आशा धरू नये. उलट, जोडण्या स्वीकारण्यास तयार असल्याचे सांगून झाल्यावर काही क्षणांनी तो पडला, तर रीडू सुखरूप पार पडले आहे. इनोडीबीत अपुरे व्यवहार उलटविण्याचे काम सर्व्हर उघडल्यानंतर पार्श्वभूमीत चालते, आणि तेथे दोष असेल तर तिसरी, व जुन्या आवृत्त्या पुसून टाकणाऱ्या सफाईत असेल तर दुसरी पायरी पुरते. सर्व्हर आपोआप पुनःपुन्हा उठत असेल तर लॉगमधील शेवटचा अपघात न पाहता पहिला पाहावा, कारण रोगाची उत्पत्ती तेथे असते आणि पुढची शेकडो पाने केवळ तिची नक्कल असतात.

एक सूचना मात्र विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे : अमुक पानावरील अनुक्रमांक भविष्यातला आहे, अशी तक्रार इनोडीबी कधी कधी करते. खतावणीत ज्या नोंदीचा हवाला आहे ती नोंदच कीर्दीत नाही, असा तिचा अर्थ. जुन्या आवृत्त्यांत लॉगचा आकार बदलावयाचा झाल्यास सर्व्हर नीट बंद करून लॉगच्या फाइली बाजूला काढण्याची अधिकृत रीत होती. त्यातील 'नीट बंद करून' हे शब्द गळून पडले आणि फाइली काढण्याची सवय तेवढी उरली, असे दिसते. अपघातानंतर ह्या फाइली काढणाऱ्याने सहावी पायरी न सांगताच चढलेली असते, आणि तीही परतीचा मार्ग बंद करून.

पोस्टग्रेसचे शास्त्र थोडे निराळे आहे. त्यात अनडूचा फेराच नाही. अपुऱ्या व्यवहारांनी लिहिलेल्या ओळी जागच्या जागी राहतात आणि केवळ अदृश्य मानल्या जातात, त्यांचा निचरा पुढे व्हॅक्यूम नावाची सफाई करते. त्यामुळे तिसऱ्या फेऱ्यात कोसळण्याचा प्रसंगच तेथे उद्भवत नाही. त्याच्या संकटांचे केंद्र आरंभबिंदू शोधण्यात असते : नियंत्रणाच्या एका छोट्या फाइलीत शेवटच्या चेकपॉइंटचा ठावठिकाणा असतो, आणि तेथे सांगितलेली नोंद लॉगमध्ये सापडली नाही तर सर्व्हर तत्काळ हाय खाऊन बसतो. हे पुष्कळदा घडले ते माणसांनी लॉगची डिरेक्टरी रद्दी समजून साफ केल्यामुळे; म्हणून २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत तिचे 'पीजी-एक्सलॉग' हे नाव बदलून 'पीजी-वॉल' करण्यात आले, आणि 'पीजी-सीलॉग' चेही 'पीजी-एक्सॅक्ट' झाले. बॅकअप चालू असताना सर्व्हर पडला तर बॅकअपची चिठ्ठी असलेली 'बॅकअप लेबल' ही फाइल मागे राहून पुढचा आरंभ अडविते, हा दुसरा जुना त्रास. आणि ती काढून टाकण्याचा उपाय बॅकअपवरून रिस्टोअर करीत असलेल्या माणसाने केला तर सर्व्हर उठतो खरा, पण चुकीच्या जागेपासून इतिहास वाचून. ज्या पद्धतीमुळे हा घोळ होई ती पद्धतच पंधराव्या आवृत्तीत रद्द झाली.

रिकव्हरी चालू असताना आपण मागच्या खेपेस थांबलो होतो, हेही पोस्टग्रेस लिहून ठेवते, आणि पुढच्या आरंभी बहुधा काही डेटा बिघडला असून शेवटच्या बॅकअपचा आश्रय करावा लागेल, असा इशारा देते. इशारा उपकारक आहे, पण नुसत्या वीज जाण्यानेही तो उमटतो, तेव्हा एकदा दिसल्याने धीर सोडू नये. त्याहून भयंकर प्रकार असा की जेथे काहीच इशारा मिळत नाही : लॉग वाचताना ज्या नोंदीची पडताळणीची बेरीज (चेकसम) जुळत नाही तेथे लॉग संपला असे पोस्टग्रेस समजते, आणि लॉग मधोमध बिघडला असेल तर त्यापुढचे पक्के झालेले व्यवहार मुकाट्याने गहाळ होऊन सर्व्हर हसतमुखाने उघडतो. कोसळणाऱ्या सर्व्हरला नावे ठेवणाऱ्यांनी ह्या न कोसळणाऱ्याचाही विचार करावा. 'पीजी-रीसेटवॉल' हे साधन लॉग फेकून नवा आरंभबिंदू लिहिते. इनोडीबीच्या सहाव्या पायरीचे ते सख्खे भावंड आहे, आणि त्यानंतर डेटा काढून घेऊन नव्या क्लस्टरमध्ये भरण्याखेरीज त्या डेटाबेसचा दुसरा उपयोग करू नये.

पाने किंवा लॉग मुळात बिघडतात कसे, हा प्रश्न डेटाबेसच्या हद्दीबाहेर जातो. वीज मध्येच गेली तर इनोडीबीचे १६ किलोबाइटचे पान अर्धे नवे अर्धे जुने राहू शकते. ते टाळण्यासाठी इनोडीबी प्रत्येक पान आधी दुसरीकडे लिहून मग मूळ जागी लिहिते, आणि पोस्टग्रेस आपले ८ किलोबाइटचे पान चेकपॉइंटनंतर प्रथम बदलताना संपूर्ण लॉगमध्ये उतरविते. वेगाच्या लोभाने ह्या सोयी बंद करणारे लोक आहेत, आणि भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे ज्यांनी साध्या डेस्कटॉपलाच सर्व्हर म्हटले होते त्यांना ह्या लोभाची किंमत वेगळी सांगावयास नको. परंतु सोयी चालू असूनही डिस्क खोटे बोलली तर इलाज नाही. २०१३ साली ओहायो स्टेट विद्यापीठ व एचपी लॅब्ज येथील संशोधकांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम पुनःपुन्हा तोडून पाहिली, तेव्हा त्यांपैकी १३ उपकरणांनी अनपेक्षित दोष दाखविले. काहींनी लिहिलेले अर्धेच ठेवले, काहींनी लेखनाचा क्रम मोडला. ऑपरेटिंग सिस्टिमचीही परीक्षा २०१८ मध्ये झाली : पान डिस्कवर उतरविताना चूक झाल्यास लिनक्स ती एकदा कळवून ते पान उतरल्याचे समजत असे, आणि पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करून यश मिळाल्याच्या समजुतीत चेकपॉइंट पूर्ण करीत असे. २०१९ च्या फेब्रुवारीत निघालेल्या दुरुस्तीपासून असा प्रसंग आला की पोस्टग्रेस आपण होऊन कोसळते व लॉगवरून सगळे नव्याने घडविते. अर्थात मेमरीतील पानावर विश्वास ठेवण्यापेक्षा कीर्दीवर ठेवणे त्याने पसंत केले.

इतर घराण्यांत तपशील वेगळे, पेच तोच. एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस संशयास्पद ठरवून बाजूला ठेवतो व बाकीचे डेटाबेस चालू देतो, ही त्याची मोठी सोय; त्यातील दुरुस्तीच्या हुकमाच्या नावातच डेटा गमावण्याची मुभा दिल्याचे लिहिलेले आहे, इतका स्पष्टपणा इतरांनीही उचलावा. लांबलेले व्यवहार उलटविण्यात तासन्‌तास जात, त्यावर २०१९ च्या आवृत्तीत ओळींच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याचा मार्ग काढण्यात आला आणि अनडूचा फेरा जवळजवळ तात्काळ झाला. ओरॅकलमध्ये लॉग टाकून उघडण्याची वाट एका गुप्त पॅरामीटरमागे ठेवलेली असून, कंपनीच्या साहाय्यकांनी सांगितल्यावाचून त्यास हात लावू नये असा दंडक आहे.

ह्या सर्व मार्गांनी सर्व्हर एकदाचा उघडला की तो चालूच ठेवण्याचा मोह होतो, आणि पुढच्या अपघातांचे मूळ ह्या मोहात असते. सक्तीने उघडलेल्या डेटाबेसमधून एकेक टेबल डंप करून घ्यावे; जेथे डंप अडखळेल तेथे प्रायमरी कीच्या मर्यादा घालून बिघडलेल्या पानाच्या अलीकडचे व पलीकडचे तेवढे उचलावे; आणि ते सारे नव्या, कोऱ्या सर्व्हरमध्ये भरावे. चांगला बॅकअप व त्यानंतरचा अखंड लॉग हाती असेल तर ह्या खटाटोपाची गरजच नाही, असे म्हणणे सोपे आहे. परंतु गिटलॅब ह्या कंपनीने २०१७ च्या जानेवारीअखेर झालेल्या आपल्या डेटाबेसच्या अपघातानंतर मोकळेपणाने सांगितले की बॅकअपसाठी योजून ठेवलेल्या पाच मार्गांपैकी एकही धड चालत नव्हता, आणि डंपचे काम तर साधनाची आवृत्ती जुळत नसल्याने मुकाट्याने निष्फळ होत राहिले होते. नव्या सर्व्हरमध्ये डेटा आला की ओळींची मोजदाद, अखेरच्या दिवसाच्या पावत्या, बँकेकडील किंवा दुसऱ्या प्रणालीतील जुळत्या नोंदी ह्यांच्याशी ताळा घ्यावा. पाचवी किंवा सहावी पायरी वापरली असेल तर अर्धवट व्यवहार पुरे म्हणून आत आलेले असतात, आणि ते केवळ अशा बाहेरच्या पुराव्यानेच ओळखता येतात. हा ताळा पुरा होईपर्यंत बिघडलेल्या डिरेक्टरीची मूळ प्रत कोणीही, कितीही जागेची टंचाई असली तरी, पुसू नये.